गुरुजी मांगं हायेत

माझा मोठा भाऊ सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून लागला, तेव्हा आमच्या गावातून इतक्या मोठ्या शहरात नोकरीला गेलेला तो पहिलाच. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, वांकिडीपासून जवळ. कापूस आणि ज्वारीची शेतं, सगळी मराठी बोलणारी घरं, आणि कोणाला कुठं जायचंच असलं तर राजुरा नाहीतर चंद्रपूर. हैदराबाद आमच्या राज्याची, म्हणजे आंध्र प्रदेशाची, राजधानी होती, पण ती पुस्तकात. तिकडून साहेब यायचे. आपण तिकडं जायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

आम्ही बौद्ध. आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले. बाबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले आणि पुढं मराठी शाळेत मास्तर झाले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आईसुद्धा गुरुजीच म्हणे. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. कोणी विचारलंच तर आम्हा पोरांकडे बघायची आणि आम्ही सांगायचो.

भाऊ गेल्याच्या दुसऱ्या वर्षी दसऱ्याला घरी आला, तर अंगातून अर्धा झालेला. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांत पिवळी झाक. म्हणाला, कावीळ झाली होती, आता बरा आहे. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि भाकरी थापायला बसली. थापता थापता एकदम थांबली.

"आमाले काऊन नाई कळवलं?"

"कळवून काय केलं असतं माय? तुमी येईपर्यंत बरा झालो असतो."

"अन् मेला असता तं?"

भावानं तिच्यापुढची गरम भाकरी ताटात ओढली. तो परत गेल्यावर आईची झोप गेली. रात्री कूस बदलताना तिच्या बांगड्या वाजायच्या, ते मला ऐकू यायचं. दिवसा एकच घोकायची, "इतक्या मानसाईत माह्या पोराले पानी कोन देते?" बाबा म्हणायचे, शहर आहे, दवाखाने आहेत. ती म्हणायची, दवाखाना काय उशाशी बसते?

शेवटी बाबांनी आसिफाबादच्या एका शाळेत भावासाठी शब्द टाकला. तिथं कारकुनाची जागा निघणार होती. ठरलं असं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांनी जायचं, त्याची राहायची जागा बघायची आणि त्याला समजावून घेऊन यायचं. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. मला तेलुगू वाचता येत होतं, बाबांना उर्दू. आईला दोन्ही नाही. बाबा म्हणाले, "पोरगी पाट्या वाचन." म्हणून माझी वर्णी लागली.

आम्ही कागजनगरला गाडीत बसलो. आईनं ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी आणि भावासाठी करंज्या असं गाठोडं बांधलं होतं. सबंध वाटेत ते तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

भाऊ मेट्टुगुड्याला राहायचा. रेल्वेच्या लोकांची जुनी वस्ती. एका मोठ्या अंगणाभोवती कौलारू खोल्यांची रांग, मधे कडुनिंब, एका बाजूला नळ. मालकीण म्हातारी ख्रिस्ती बाई होती, रेल्वेच्या गार्डाची विधवा. फुलाफुलांचा झगा घालायची, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. हिंदी बोलायची, पण आमच्या गावच्या व्यापाऱ्यांसारखी नाही. बोलता बोलता मधेच इंग्रजीत शिरायची. तिनं अंगणात टर्की पाळल्या होत्या, कोंबडीच्याच जातीच्या पण केवढ्या तरी मोठ्या. आई फाटकातून आत आली आणि त्यातला एक नर पिसारा फुगवून तिच्या अंगावर धावून आला.

"अवं बाई! हे काय होय वो? मोर होय का गिधाड?"

भाऊ इतका हसला, की मला त्याचं तोंड बघून बरं वाटलं. तो गावाकडं आल्यावर असा हसला नव्हता.

पहिले दोन दिवस आई खोलीच्या उंबऱ्यावर बसून होती. तिला कशाची भीती वाटत होती ते मला कळत होतं. आमच्या गावात पाणी भरायला कुठल्या विहिरीवर जायचं, कोणाच्या ओसरीला कुठपर्यंत पाय टाकायचा, हे तिला डोळे मिटून माहीत होतं. इथं नळ एकच होता आणि त्यावर सगळे. शेजारी रेल्वेच्या शेडमधल्या फिटरची तमिळ बायको होती. रोज सकाळी दारात पिठाची रांगोळी काढायची. तिच्यापलीकडं घड्याळं दुरुस्त करणारा एक उर्दू बोलणारा माणूस आणि त्याची बायको. कोपऱ्यात गुंटूरकडचं एक तेलुगू कुटुंब. त्यांची मिरची कुटायला लागली, की सगळं अंगण शिंकायचं. आई भावाला हळूच विचारायची, "आपन कोन ते ह्यायले माईत हाय का?"

भाऊ म्हणाला, "खोली शोधाले फिरलो तवा दोन-तीन जागी इचारलं लोकायनं. सांगतलं की दार लावून घ्याचे. इथं म्हातारीनं एकच इचारलं, माह्या पाखराईले गोटे मारशीन का म्हने. मी म्हनलं नाई. तं चाबी देली."

आईनं हे ऐकून घेतलं, पण पुरतं पटलं नसावं. तिसऱ्या दिवशी नळावर ती बाजूला उभी राहिली होती, सगळ्यांचं भरून झाल्यावर भरू म्हणून. तर त्या तमिळ बाईनं तिच्या हातातली कळशी ओढून नळाखाली लावली, भरली, आणि आपल्याच कमरेवर घेऊन आमच्या खोलीपर्यंत आणून ठेवली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. त्या दुपारी आई तिच्या स्वयंपाकघरात बसून उडीद वाटत होती. खाणाखुणांनी तिला काय काय कळलं कोण जाणे, परत आली ती तोंडभरून बोलतच. अमकीला गुडघेदुखी आहे, तमकीचा नवरा सौदीला जायचं म्हणतो, म्हातारीचा पोरगा इंग्लंडला असतो आणि येत नाही. भावाला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. तो सकाळी कचेरीत जायचा, संध्याकाळी यायचा.

पण परत नेण्याचा विषय तिनं सोडला नव्हता. "मानसं चांगले हायेत," ती म्हणायची, "पन आपले नाईत ना."

बाबांना चारमिनार बघायचा होता. लहानपणापासून शाळेच्या पुस्तकात बघितलेला. भाऊ म्हणत होता, रविवारपर्यंत थांबा, मी येतो. बाबा ऐकेनात. त्यांना उर्दू येत होतं, मग कशाची भीती? भावानं सगळं समजावून सांगितलं. बायका बसमध्ये पुढच्या दारानं चढतात, बाप्ये मागच्या दारानं. उतरायचं कुठं, ते मी पाटी वाचून सांगायचं.

जाताना काही अडचण आली नाही. बाबा तर तिथं पोचल्यावर पोरासारखे झाले. किती वर्षांनी एवढं उर्दू त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचायचे. अत्तरवाला, लाखेच्या बांगड्या, वह्यापुस्तकं. एका बांगडीवाल्यानं त्यांना विचारलं, "चच्चा, किधर के?" बाबा म्हणाले, आदिलाबाद जिला. तो म्हणाला, "बहुत दूर से आए ना आप." बाबा खूष. आई मात्र माझा हात घट्ट धरून होती. गर्दी बघून तिला घेरी आल्यासारखं होत होतं.

परत येताना ते झालं. बस आली आणि थांब्यावरची सगळी माणसं एकदम सुटली. बाबा मागच्या दाराकडं धावले. आई आणि मी पुढच्या. आई वर चढली. तिच्या आणि माझ्या मधे भाजीची पाटी घेतलेली एक बाई घुसली, तिच्यामागं आणखी दोघी. माझा एक पाय पायरीवर होता आणि बस हलली. मी पाय काढून घेतला, नाहीतर पडलेच असते. बाबांनी मागच्या दारातून मला रस्त्यावर बघितलं. त्यांना वाटलं, आम्ही दोघीही खालीच राहिलो. ते चालत्या बसमधून उतरले. बस गेली.

"माय कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

मी बसकडं बोट दाखवलं.

बाबा धावत सुटले. एका चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच राहिली. धोतर सावरत, पांढरी टोपी हातात धरून ते बसच्या मागं धावत होते आणि बस एका हातगाडीला वळसा घालून दिसेनाशी झाली. मी त्यांची चप्पल उचलून घेतली. एक पानवाला म्हणाला, "चच्चा, अगली में बैठ जाव. सिकंदराबाद जाती सो दूसरी आरी." त्याला हे नेहमीचं असावं. आम्हाला तो क्षण जगबुडीसारखा होता.

पुढची बस लवकर आली नाही. आली त्यात बाबांनी मला मागच्या दारानंच चढवलं, माझा दंड धरून. कोणी अडवलं नाही. नयापुलावरून जाताना बाबांनी खाली मुसी नदीच्या पात्राकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. प्रत्येक थांब्यावर मी खिडकीतून डोकं बाहेर काढत होते. आईनं हिरवं नऊवारी नेसलं होतं. अफजलगंजला एवढी माणसं, की हिरव्या रंगाचा नुसता तुकडा दिसला तरी मी जागेवरून अर्धी उठायचे. बुरखे, पाचवारी साड्या, लंबाडी बायकांचे आरशांचे घागरे, पंजाबी ड्रेस. नऊवारी कुठंच नाही. माझ्या मनात येत होतं, आईला आपला पत्ता सांगता येणार नाही. तिला मेट्टुगुडा हे नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं, ती 'मेटकुट' म्हणायची.

सिकंदराबाद स्टेशनासमोर सगळ्या बसेस थांबतात, म्हणून आम्ही तिथं उतरलो. ती ज्या बसमध्ये होती, ती पुढं लालापेटला जाते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं. एका वर्दीवाल्याला बाबांनी विचारलं, तो तेलुगूत म्हणाला, चौकीत जाऊन सांगा. मी भाषांतर केलं. बाबांनी ऐकलं, की नाही, कळलं नाही. ते एका सिमेंटच्या ओट्यावर चढले, एक पाय अनवाणी, आणि त्यांनी आईला नावानं हाक मारली.

माझ्या आयुष्यात मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते तिला "अवं" म्हणायचे, नाहीतर माझं नाव घेऊन "हिची माय" म्हणायचे. आता ते भर गर्दीत, पूर्ण नाव घेऊन, वर्गातल्या आवाजात ओरडत होते. पुन्हा पुन्हा. माणसं वळून बघत होती आणि पुढं जात होती. मला रडू आलं. लाजही वाटत होती आणि त्याच वेळी वाटत होतं, आईनं हे ऐकायला पाहिजे.

शेवटी मीच म्हणाले, दादाच्या खोलीवर जाऊ, त्याला कचेरीतून बोलावू, मग चौकीत जाऊ. बाबा निमूट चालायला लागले. त्या रस्त्यानं जाताना ते एकच वाक्य बोलले. "त्याले काय तोंड दाखवू?"

फाटक ढकललं आणि मी जागीच उभी राहिले. कडुनिंबाखाली वेताच्या खुर्चीत आई बसली होती. हातात कपबशी. समोर म्हातारी मालकीण, बाजूला तमिळ बाई, घड्याळवाल्याची बायको. टर्की त्यांच्या पायात फिरत होत्या. आईनं वर बघितलं आणि अगदी साध्या आवाजात बाबांना विचारलं,

"तुमी मांगं होते ना वो?"

बाबा तिच्याकडं गेलेच नाहीत. सरळ नळावर गेले. आमच्याकडं पाठ करून पाय धुवत राहिले, खूप वेळ. अनवाणी पाय धुतला, चपलेतला पायही धुतला, मग तोंड धुतलं, मग परत पाय. पाणी वाहत होतं आणि एरवी पाण्यावरून आरडाओरडा करणारी मालकीण गप्प होती. मग ते धोतराच्या सोग्याला तोंड पुसत आले.

"चहा पेली काय?" त्यांनी विचारलं.

"हव."

"मंग बरं झालं."

एवढंच. मी मात्र आईच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "काऊन रडते वं? मी तं इथंच हाव."

मग तिनं काय झालं ते सांगितलं. त्या दिवशी सांगितलं आणि पुढं कित्येक वर्षं सांगत राहिली. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे, की त्या बसमध्ये मीही होते असं मला वाटतं.

आईला मुळात आपण हरवलो हेच कळलं नव्हतं. तिनं बाबांची पांढरी टोपी मागच्या दारात बघितली होती. ते मागं आहेत, पोरगी त्यांच्याबरोबर असेल, म्हणून ती निवांत बसली. कंडक्टर आला. त्यानं कुठं उतरायचं ते तेलुगूत विचारलं, "एक्कड दिगालि अम्मा?" तिला वाटलं, तिकीट मागतोय. म्हणाली, "गुरुजी मांगं हायेत."

कंडक्टरला त्यातलं गुरुजी तेवढं कळलं. तो मागं गेला आणि बाप्यांमध्ये कोणी स्वामी, कोणी बैरागी बसलाय का ते शोधायला लागला. भगवं कोणी दिसेना. परत आला, हातानं जटा आणि दाढी करून विचारायला लागला. आईला वाटलं, हा आपल्या नवऱ्याची थट्टा करतोय. तिनं त्याला चांगलं सुनावलं, "दाढी काऊन ठेवतीन? रोज घोटतात!"

तोवर सगळ्या बायका तिच्याकडं वळल्या होत्या. एकीनं तेलुगूत विचारून पाहिलं, एका नर्सनं इंग्रजीत, एका मारवाडी बाईनं हिंदीत. शेजारी एक बुरखेवाली बसली होती. तिनं विचारलं, "अम्मा, अकेलेच हैं क्या आप?" हे आईला जरा आपल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "नाई, गुरुजी हायेत. माहे मालक." मग मागं ओरडा झाला, अम्माचे मालक कोण? कोणी उठलं नाही. आई स्वतः उभी राहिली, सबंध बस बघितली. पांढरी टोपी कुठंच नव्हती.

"मंग मले घाम फुटला," ती सांगायची. "गाव इचारलं तं सांगतलं वांकिडी. कोनालेच माईत नाई. मेटकुट म्हनलं तं तेबी कोनाले समजलं नाई. मालकाचं नाव इचारलं. ते मी कशी घेऊ? पोराचं सांगतलं. आता रेल्वेत तसल्या नावाचे का कमी हायेत? रडाले लागली मी. तं ती बुरखेवाली म्हने, नक्को रोव अम्मा, नक्को. मी म्हनलं, हे तं आपलंच बोलून राह्यली! आपन नको म्हनतो, ते जोर देऊन नक्को म्हनतात."

त्या बाईनं मग तिला जागेच्या खाणाखुणा विचारल्या. घर कसं आहे? आईला रस्ता माहीत नव्हता, पण माणसं माहीत होती. तिनं सांगायला सुरुवात केली. एक बाई दारात पिठानं लिहिते. एक माणूस घड्याळं उघडून बसते. मिरची कुटतात त्याईच्यानं सारे शिंकतात. एक म्हातारी झगा घालते. बाया ऐकत होत्या, एकमेकींना आपापल्या भाषेत सांगत होत्या. पण असली घरं त्या शहरात गल्लोगल्ली होती. मग आईला तो पक्षी आठवला. नाव माहीत नव्हतं. तिनं दोन्ही हात मागं पसरून पिसारा केला, मान पुढं काढली, गळ्याखाली पदर लोंबता धरला आणि भर बसमध्ये मोठ्यानं आवाज काढला, "गुडुगुडुगुडुगुडु!"

बस हसायला लागली. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. मागून एक बाप्या ओरडला, "पीरू! पीरू बोलरी अम्मा!"

आई चिडली. "पेरू नाई वो, कोंबडी! मोठी कोंबडी!"

तो माणूस पुढं आला. रेल्वेचा निळा सदरा होता त्याच्या अंगात. म्हणाला, पीरू म्हणजे तोच पक्षी, आणि या भागात पीरू पाळणारी एकच म्हातारी आहे, गार्डसाबची बायको, मेट्टुगुड्याला. नाताळाच्या आधी त्याच्या साहेबांनी त्याला तिथं पीरू आणायला पाठवलं होतं.

बस तिकडूनच जाणार होती. कंडक्टरनं तिला तिच्या थांब्यावर उतरवलं. बुरखेवाली बाई मागंच चिलकलगुड्याला उतरायची, ती उतरली नाही. आईचं मनगट धरून फाटकापर्यंत आली. मालकिणीच्या ताब्यात दिलं. मालकीण चहा घे म्हणाली, तर "नक्को नक्को, बच्चे राह देखते" म्हणत लगोलग निघून गेली. ती कोण, कुठली, आम्हाला कधीच कळलं नाही.

आम्ही सिकंदराबादला ओरडत होतो, तेव्हा आई चहा पीत बसली होती. पण त्या वेळात आणखी एक गोष्ट झाली होती. मालकिणीनं तिला भावाच्या काविळीबद्दल सांगितलं. निम्मं बोलून, निम्मं करून दाखवून. भाऊ आम्हाला म्हणाला होता, थोडी कावीळ झाली. खरं म्हणजे तो तापात बरळत होता. फिटर आणि घड्याळवाल्यानं त्याला रिक्षात घालून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. त्याला मिरची चालत नाही, म्हणून तमिळ बाई त्याच्यासाठी पेज करून डबा पाठवायची. मालकीण संध्याकाळी जाऊन त्याच्या उशाशी बसायची आणि आपल्या देवाची गाणी म्हणायची. भावाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

संध्याकाळी भाऊ आला. घडलेलं ऐकून पांढराफटक पडला. आई म्हणाली, "माहं जाऊ दे. तू दवाखान्यात होता ते काऊन नाई सांगतलं?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "तू घरी घेऊन गेली असती."

"मंग? आलीच हाव मी न्याले."

"मले माईत हाय."

बाबा काहीतरी बोलणार होते, आसिफाबादच्या जागेचं. आईनं हातानं थांबवलं. करंज्यांचं गाठोडं उघडलं, निम्म्या काढून ताटात घातल्या आणि अंगणात गेली. प्रत्येक दारी द्यायला. घड्याळवाल्याच्या दारात तिचं हसणं ऐकू आलं. परत आली तेव्हा ताट रिकामं नव्हतं, कोणी काही, कोणी काही घातलं होतं.

आम्ही निघालो त्या दिवशी भाऊ स्टेशनात पोचवायला आला होता. गाडी सुटायच्या आधी आईनं खिडकीतून त्याच्या गालाला हात लावला. "जेवत जाय," म्हणाली. दुसरं काही नाही. गाडी हलली. भाऊ काही वेळ बरोबर चालत आला आणि मग थांबला. बाबांनी विचारलं, "आसिफाबादच्या हेडमास्तराले काय सांगू?"

"सांगा," आई म्हणाली, "पोरगा तिथंच बरा हाय म्हना."

काजीपेट यायच्या आत तिला झोप लागली. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. दसऱ्यानंतर मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती. बाबांनी खांद्यावरचा पंचा घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला. मग माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं, आणि चणेवाला आला तर त्यालाही हातानंच पुढं जायला सांगितलं.

गावात महिनाभर आमच्या ओसरीवर बायका जमायच्या. एक म्हातारी विचारायची, "किती लोकं असतीन वो तिथं?" आई विचार करायची. आकडा तिला सांगता यायचा नाही. मग ती एकेक माणूस सांगायला लागायची आणि ऐकणाऱ्या बायकांना वाटायचं, ही कुठल्या तरी आपल्याच शेजारच्या गावचं सांगून राहिली. पीरूचा आवाज मात्र तिला दरवेळी काढून दाखवावा लागायचा. बाबा आत वर्तमानपत्र वाचत असायचे. आवाज आला, की त्यांचं वर्तमानपत्र हलायचं, म्हणजे ते हसत असायचे.

नव्वदच्या दशकात मला आदिलाबादला शिक्षिकेची नोकरी लागली आणि त्यानंतर माझं लग्न झालं. लग्न गावीच होतं. भाऊ आला तो फिटर आणि त्याच्या बायकोला घेऊनच. मालकीण आता फार थकली होती, तिला प्रवास झेपला नसता. तमिळ बाई आमच्या अंगणात चुलीपाशी बसली आणि हट्टानं भाकरी थापायला शिकली. पहिली मोडली, दुसरी जळली. तिसरी बाबांनी मागून घेतली. ठेचा तिनं एकदम केवढा तरी तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्या नवऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ती मान हलवत, हातानं अजून ठेचा मागत होती. आईनं वाढला. दोघी एकमेकींकडं बघून हसत होत्या, आणि मांडवात वाजंत्री वाजायला लागली होती, तरी त्यांचं जेवण काही संपत नव्हतं.